कलेजीची बादली

वेरेनका, सस्कॅचेवान, कॅनडा
सोमवार, २ सप्टेंबर १९९६

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे, कोंबड्या बऱ्या आहेत, गुडघा होता तसाच आहे. गॉर्डन भावजींचा रक्तदाब आता कसा आहे ते कळव. त्यांना म्हणावं, मीठ कमी करा आणि बातम्या कमी बघा.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. पाकीट वाफेवर धरून सोडवलं, उलटं केलं आणि पुन्हा चिकटवलं. हे पत्र त्याच पाकिटातून येतंय. हसायचं असेल तर हस, पण आधी आतल्या बाजूचा कागद बघ किती छान आहे.

यंदा बटाटा सहा पोती निघाला. बीट मात्र मनासारखं आलं नाही, हरणांनी पाला खाल्ला. कोबी एवढा झालाय की पिंप भरून आंबवायला घातला तरी ओळीत उभाच आहे. लसूण सगळा विकला गेला. बाजारात एक शहरी बाई मला म्हणाली, "तुमच्या लसणाला किती वास येतो हो." मी म्हटलं, बाई, त्याचेच पैसे घेते मी.

तू विचारतेस, ऑक्टोबर जवळ आला, काय ठरवलं आहेस. अगं, ठरवायचं काय त्यात? तीन वर्षांपूर्वी माझ्या ओरेस्टची माती झाली त्या संध्याकाळी तू, भावजी आणि मी स्वयंपाकघरात बसलो होतो, तेव्हाच ठरलं सगळं. बाबांनी घर आणि आवार आपल्या दोघींच्या नावे ठेवलं. भावजींना कॅल्गरीत लहानसा फ्लॅट घ्यायचाय, त्यासाठी तुझ्या वाट्याचा पैसा तुम्हाला हवा. त्यात मला काही वावगं वाटत नाही, हे तेव्हाही म्हणाले होते. वकिलाने किंमत लावली, तुझे अर्धे नऊ हजार दोनशे डॉलर. ३१ ऑक्टोबर १९९६ पर्यंत मी दिले तर घर माझं. नाही दिले तर घर विकायचं आणि मी तुमच्या तळघरातल्या खोलीत राहायला यायचं. त्या खोलीला खिडकी आहे असं तू मला दोनदा सांगितलंस.

त्या संध्याकाळी तू आणखीही एक वाक्य बोललीस. ते मी इथे लिहीत नाही.

आता तू म्हणतेस, टेकला, एकटी विधवा बाई, तुझी मिळकत ती काय आणि चालवतेस कशी? मग ऐक. शेत शेजारचा वासिल कसतो, त्याचा खंड येतो तो कर, वीज आणि औषधं यांच्यासाठी. त्याला मी दुसऱ्या कशासाठी हात लावत नाही. खाणं बागेतून आणि कोंबड्यांकडून. मी वासिलचे केस कापते, त्याच्या पँटींना ठिगळं लावते, म्हणून तो शिकारीतलं अर्धं हरीण माझ्या फ्रीझरमध्ये आणून टाकतो. त्याच्या डोक्यावर आता फारसं काही उरलेलं नाही, म्हणजे सौदा माझ्याच फायद्याचा आहे. चहाची पुडी दोनदा. बुटांत ब्रेडच्या पिशव्या, पाय कोरडे राहतात. आणि अंडी, लसूण, बोरं आणि लग्नांना बटाटा-चीज भरून वळून देते त्या पिरोही यांचा जो पैसा येतो तो सगळा तुझा. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेच्या चरातून बाटल्या गोळा करते, नगाला दहा सेंट. गावातली पोरं गाडीतून बाटली फेकताना आता हॉर्न वाजवतात. "टेकलामावशी, ही घ्या." मी हात करते.

फोन काढून टाकला त्याला तू वेडेपणा म्हणालीस. महिन्याचे चोवीस डॉलर होते ते. शिवाय फोन होता तेव्हा तू मला वर्षातून दोनदा नऊ मिनिटं भेटायचीस. आता चार-चार पानं लिहितेस. कोण वेडं ते तूच सांग.

आज हिशोबाने एकशे ऐंशी डॉलर कमी आहेत. २१ तारखेला हुकालुकांच्या मुलीचं लग्न आहे, तीनशे डझन पिरोही माझ्याकडे. बटाटा माझा, चीज माझं, बोटं माझी. त्यात भागतंय.

तेव्हा ऑक्टोबरच्या मध्यावर थँक्सगिव्हिंगला या दोघंही. बदक कापते. तीन वर्षांत तू घर पाहिलेलं नाहीस. ये, बघ, सगळ्या खोल्यांतून फीर. मग मी वकिलाकडे जाईन.

तुझी धाकटी,
टेकला

ता. क. उत्तर या पाकिटातून पाठवू नकोस. ते आता दोन्ही बाजूंनी वापरून झालं.


वेरेनका
रविवार, २० ऑक्टोबर १९९६

प्रिय ताई,

नमस्कार. तुम्ही सुखरूप पोचला असाल. तुम्ही गेलात त्या रात्रीच कडक थंडी पडली, बाहेरचा कोबी गेला. दुःख नाही, खूप होता. भावजींची टोपी इथे राहिली आहे. डॉरा म्हणते तिच्या वासिलला छान दिसेल, पण मी ती दारामागे खिळ्याला लावून ठेवली आहे.

बदक सगळ्यांना आवडलं हे बरं झालं. भावजींनी तीनदा घेतलं. तू म्हणालीस घर अगदी तसंच आहे, आईच्या वेळेसारखं उबदार. ते ऐकून मला बरं वाटलं.

बरं, जाताना तू फ्रीझरमधून बादल्या नेल्यास, त्यांचं काय केलंस? सहज विचारते. बोरांच्या बादलीवर साखर लागते. कोबीच्या गुंडाळ्या मंद आचेवर गरम कर, घाई करू नकोस. आणि ती तिसरी, कलेजीची. ती अजून उघडली नसशील तर उघडू नकोस, ती जरा जुनी आहे. पण फेकूनही देऊ नकोस. म्हणजे वापरू नकोस, टाकू नकोस, कोणाला देऊ नकोस, फक्त ठेव. कलेजी जुनी झाली की तिला जास्त चव येते असं काही जण म्हणतात.

वर लिहिलेलं वाचून बघितलं. कोणालाही वाटेल, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. जाऊ दे. आडून आडून लिहिणं मला जमत नाही.

ताई, त्या बादलीत पैसे आहेत. सगळे. नऊ हजार दोनशे.

सांगते. आपल्या गावातली पतपेढी दोन वर्षांपूर्वी बंद झाली. तालुक्याचं गाव पासष्ट किलोमीटर. बारा डॉलर अंडी विकून आठ डॉलरचं पेट्रोल जाळत तिथे भरायला जायचं, हे मला पटेना. शिवाय आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. आई जे लपवायची ते फ्रीझरमध्ये, आणि वर चिकटपट्टीवर लिहायची 'कलेजी'. नाताळचं चॉकलेट, बाबांपासून लपवलेली बाटली, तुझ्या लग्नाचे पैसे, सगळं त्या नावाखाली. बाबा कलेजीला शिवायचे नाहीत, मी शिवायची नाही, ओरेस्टला तर वासानेच कसंतरी व्हायचं. मी तेच केलं. आइस्क्रीमची रिकामी बादली घेतली, तळाशी ब्रेडच्या पिशवीत नोटा, वर वासिलने दिलेल्या खऱ्या कलेजीची दोन पाकिटं, कोणी झाकण उघडलंच तर. वर नाव. तीन वर्षांत कोणी हात लावला नाही.

आणि मी विसरले. आपल्या सगळ्या घरात कलेजी आवडीने खाणारी एकच होती. आई कांदा घालून परतायची आणि तू पावाने तवा पुसून खायचीस. चाळीस वर्षं झाली तुला हे घर सोडून, आणि लक्षात काय राहिलं तर कलेजीला कोणी हात लावत नाही. तू लावायचीस हे राहिलं नाही.

दोष तुझा नाही. सोमवारी निघताना तू फ्रीझरचं झाकण उचलून म्हणालीस, "टेकला, एवढं सगळं तुला एकटीला?" मी काय म्हणाले आठवतंय? "हवं ते घेऊन जा, माझ्या घरात काही कमी नाही." मान वर करून म्हणाले. आणि तशीच मान वर ठेवून वासिलला अंडी द्यायला अंगणात गेले. परत आले तेव्हा भावजी डिकी लावत होते. मी हात हलवला. फुशारकीची एवढी किंमत आपल्या घराण्यात कोणी मोजली नसेल.

काल सकाळी बादली काढायला गेले. उद्या वासिल मला वकिलाकडे नेणार होता. फ्रीझर रिकामा केला, सगळं जमिनीवर मांडलं. बत्तीस बादल्या. वाटाणे, सूप, बोरं, हरीण, माझ्या हातची एक चिठ्ठी 'काय आहे माहीत नाही'. सगळ्या उघडल्या. मग त्या बादल्यांच्या मधोमध खाली बसले, तेव्हा तुझी गाडी डोळ्यांपुढे आली.

वासिलकडे जाऊन तुला फोन केला. दोनदा. तुमचं ते यंत्र बोललं, भावजींच्या आवाजात, निरोप ठेवा म्हणून. डॉरा भांडी पुसत होती. एक बशी ती दहा मिनिटं पुसत होती. आता यंत्राला कलेजीचं काय सांगणार? मी फोन ठेवला आणि घरी येऊन हे लिहायला बसले. सकाळी वासिल याला जलद टपालाचं तिकीट लावून टाकेल. माझ्या आयुष्यातलं पहिलं जलद तिकीट. बघ मग काय अवस्था आहे.

भावजींना कलेजीचा वास सहन होत नाही हे मला ठाऊक आहे. तुमच्याकडे कचऱ्याची गाडी गुरुवारी येते हेही तूच सांगितलं होतंस. या दोन गोष्टी मी कालपासून एकमेकींशेजारी ठेवून बघते आहे.

लिहायला घेतलंच आहे तर आणखी एक लिहिते. थँक्सगिव्हिंगला घर उबदार होतं ना? ते तेवढ्यापुरतंच. गेले दोन हिवाळे मी स्वयंपाकघरातच काढले. पलंग चुलीजवळ, बाकीच्या खोल्या बंद, दारांखाली गोधड्या. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी वासिलने आणि मी पलंग उचलून वर नेला आणि सगळीकडे आग पेटवली. दोन दिवसांत तीन आठवड्यांची लाकडं गेली. तू वरच्या खोलीत झोपलीस, सकाळी म्हणालीस छान झोप लागली, आणि मी मनात ढलप्या मोजत होते. मला तुला दाखवायचं होतं ताई. दाखवायचं होतं की काटकसर करून माणूस मरत नाही.

कारण ते वाक्य. आता लिहूनच टाकते. ओरेस्टच्या मातीच्या दिवशी तू म्हणालीस, "तू आईसारखी डबे आणि दोऱ्या जमवत मरशील टेकला, आणि एक दिवसही जगणार नाहीस." ओरेस्टला जाऊन तीन दिवस झाले होते. तू थकली होतीस, मला कळतं. पण मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर त्यात आईला ओढलंस ते. आईचा तो दोऱ्यांचा गुंडा आठवतो? पार्सलांचे, पिठाच्या पोत्यांचे, गवताच्या भाऱ्यांचे तुकडे गाठी मारून मारून केलेला. तिच्या मातीनंतर मी सगळं घर शोधलं, सापडला नाही. एकोणीस वर्षं मी मनात धरून आहे की तू तो फेकलास. कधी विचारलं नाही. आज विचारते.

इथपर्यंत लिहून चहा केला. नव्या पुडीचा. आणि पिता पिता एक गोष्ट लक्षात आली आणि मी एकटीच हसायला लागले, इतकी की मांजर उठून गेलं.

ताई, मुदत ३१ ऑक्टोबरची. तुझे पैसे १४ तारखेला तुझ्या गाडीत होते. मी दिले, तू घेतलेस, भावजींनी डिकी लावली आणि वासिल अंड्यांची टोपली घेऊन बघत उभा होता. सतरा दिवस आधी. पावती नसेल, पण व्यवहार पुरा झाला. म्हणजे मी हरलेली नाही. कालपासून रडते आहे ती उगाच.

तेव्हा आत्ताच्या आत्ता ऊठ आणि फ्रीझर उघड. वरची दोन पाकिटं खा, ती खरंच चांगली आहेत, जुनी म्हणाले ते खोटं. खालची पिशवीही तुझीच. शंभराच्या नव्वद आणि विसाच्या दहा. मोजून घे.

आणि बादली गेली असेल तर गेली. बोलले होते तशी येईन तळघरात. पण त्या खोलीला खिडकी आहे का, ते आता तिसऱ्यांदा सांग.

तुझी बहीण,
३१ तारखेपर्यंत तरी अर्ध्या घराची,
टेकला

ता. क. बादली धुऊन ठेव. झाकण नीट बसणारी ती एकच होती.


वेरेनका
गुरुवार, ३१ ऑक्टोबर १९९६

प्रिय ताई,

नमस्कार. आज तारीख काय आहे ती वर बघ. मी मुद्दाम ठळक लिहिली आहे.

बादली काल आली. दुपारच्या बसने पेट्रोल पंपावर उतरली आणि वासिलने आणून दिली. डॉराही आली, तिला आमच्या कोंबड्यांची अचानक काळजी वाटायला लागली होती. तुला म्हणून सांगते, मी तोवर दोन खोकी भरून ठेवली होती. एकात हिवाळी कपडे, एकात आईची लाटणी आणि ओरेस्टचा फोटो. तळघरात दोनच खोकी मावतील असं मनाशी धरून चालले होते.

वासिलने बादली टेबलावर ठेवली. तीच बादली, दोऱ्याने आवळून बांधलेली, आणि झाकणावर नवी चिकटपट्टी. तुझ्या अक्षरात 'कलेजी'. म्हटलं, उघडलीच नाही, होती तशी परत पाठवली. वासिल म्हणाला, "हलकी लागतेय गं टेकला." मी डॉराला म्हटलं, तू एवढी आलीच आहेस तर कोंबड्या मोजून ये. ती गेली, पण दार उघडं ठेवून गेली.

वरतीच घराचा कागद होता. प्लास्टिकमध्ये नीट घातलेला, वकिलाच्या शिक्क्याचा, तुझ्या सहीचा. तारीख शुक्रवार, १८ ऑक्टोबर. मी ती तीनदा वाचली. माझं पत्र २० तारखेचं. म्हणजे मी जमिनीवर बत्तीस बादल्या मांडून बसले होते त्याच्या आदल्याच दिवशी तू सही करून मोकळी झाली होतीस.

मग तुझं पत्र वाचलं. आता मला सांग, कसं करायचं तुझं? मंगळवारी संध्याकाळी तू कांदा चिरलास, कलेजी काढलीस, आणि पिशवी हाताला लागली. आणि तुला वाटलं मी मुद्दाम केलं. "टेकलाने माझं नाक कापलं. माझे पैसे माझ्याच आवडीच्या कलेजीखाली घालून, माझ्याच हाताने उचलायला लावून दिले, आणि वर म्हणाली, घरात काही कमी नाही." असं तू भावजींना म्हणालीस. रात्रभर चिडलीस, गुरुवारी हसलीस आणि शुक्रवारी वकिलाकडे गेलीस. आणि माझ्या उत्तराची वाट बघत बसलीस की आता ही काय टोमणा मारते.

ताई, मी ते जलद तिकीट लावलं नसतं तर तुझ्यालेखी जन्मभर केवढी मोठी झाले असते. स्वतःच्या हाताने घालवलं. असू दे. कागद माझ्याकडे आहे.

भावजी नोटा बघून जे बोलले ते वासिलला वाचून दाखवलं. "चाळीस वर्षं बँकेत काढली, पण इतक्या थंड पैशाला कधी हात लावला नव्हता." वासिल अजून हसतोय. त्यांना सांग, टोपी खिळ्यालाच आहे, न्यायला स्वतः या.

पलंगाचं तुला कळलं होतं हे मात्र मला माहीत नव्हतं. आपण दोघी चुलीपाशी बसलो होतो आणि तू खाली बघत होतीस, मला वाटलं लिनोलियम जुनं झालं ते बघतेस. तू चार पायांचे चार खळगे बघत होतीस. मी उबेची बढाई मारत होते, तू वर जाऊन त्या पलंगावर झोपलीस आणि सकाळी म्हणालीस छान झोप लागली. एक क्षणही लागली नव्हती असं आता लिहितेस. बरं केलंस तेव्हा बोलली नाहीस. मी तुला तिथल्या तिथे घराबाहेर काढलं असतं, अर्धं तुझं असलं तरी.

ते वाक्य तू परत घेते म्हणतेस. मी नाही देणार. उणे पस्तीसमध्ये लाकडाला जाताना, पहाटे पिरोही वळताना, चरात वाकून बाटली उचलताना मी तेच म्हणायचे मनाशी, आणि अंगात जोर यायचा. त्याच रागावर तीन वर्षं काढली. आता ते माझं आहे, घरासारखंच.

पण कागदाखाली होतं ते मात्र मी ओळखलंच नाही पहिल्यांदा. वाटलं, हिने बादली रिकामी परत करायची नाही म्हणून जुन्या लोकरीचा काहीतरी बोळा कोंबला. बाहेर काढला. वर सगळा पांढरा दोरा, बारीक, बेकरीच्या खोक्यांवर असतो तसला. मध्ये कुठेकुठे लाल, निळा. मी नखाने थोडा सरकवला आणि आतून गवताच्या भाऱ्याची सुतळी दिसली. आईची गाठ दिसली. ती दोनदा फिरवून मग ओढायची तशी.

मी खाली बसले, ताई. वासिल पाणी घेऊन आला. डॉरा कोंबड्या सोडून आत आली आणि तिने एकदाही काही विचारलं नाही, यावरून समज.

तू फेकला नव्हतास. तू घेऊन गेली होतीस, कोटाच्या खिशात, आणि एकोणीस वर्षं बुटांच्या खोक्यात ठेवलास. आणि नुसता ठेवला नाहीस. कागदी ताटल्यांतून जेवणारी तू, चहाची पुडी एकदा बुडवून फेकणारी तू, भावजींना न कळता केकच्या खोक्यांचे दोरे सोडवून सोडवून त्याला बांधत होतीस. "मला सांगायची लाज वाटायची," असं लिहिलंस. अगं, कोणाची लाज? माझी? मीच तर एक होते जगात जिला हे कळलं असतं. एकोणीस वर्षं आपण दोघी दोन ठिकाणी एकाच बाईच्या मुली होतो आणि एकमेकींपासून लपवत होतो. मला खूप आनंद झाला आहे. एवढा घर मिळाल्याचाही झाला नाही, आणि घराचा झाला तो काही थोडाथोडका नाही.

बादलीवरचा दोरा मी कापला नाही, सोडवला. तोही गुंड्याला बांधला, आईच्या पद्धतीने. आता तो हिवाळाभर माझ्याकडे. मग बादलीतून तुझ्याकडे येईल, मग परत. झाकणावरचं नाव तसंच राहू दे, चोर लागणार नाही.

काल संध्याकाळी खोकी रिकामी केली. वासिल आणि डॉराला जेवायला ठेवून घेतलं. कोबीच्या गुंडाळ्या, बीटचं सूप, आणि कपाटाच्या तळाशी ठेवलेली बोरांची वाइन काढली. वासिल उभा राहून म्हणाला, "घराच्या मालकिणीला." डॉरा म्हणाली, "आता फोन लाव बाई, मला बशा पुसून पुसून कंटाळा आला." फोन लावणार नाही. तू पत्रं लिहायची सोडशील. कागद कुठे ठेवायचा यावर तिघांचा वाद झाला. फ्रीझरमध्ये नाही, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत झालं. सध्या तो कॅलेंडरशेजारी भिंतीवर आहे, येताजाता दिसतो.

आज सकाळी दुकानात गेले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा नसती खरेदी केली. नव्या पाकिटांचा गठ्ठा घेतला, पंचवीसचा. हे पत्र त्यातल्या पहिल्या पाकिटातून येतंय, कोऱ्या. जपून सोडव, फाडू नकोस. उलटं केलं की तुला उत्तराला होईल.

आपला नाताळ जुन्या पंचांगाने ७ जानेवारीला. या दोघंही. पलंग वरच आहे आणि आता वरच राहील. तुझ्या खोलीतली चूल मी आजच पेटवून पाहिली, नळी साफ केली, चांगली ओढते. तू येशील त्याच्या आठवडाभर आधीपासून ती जळत ठेवणार आहे, रात्रंदिवस. मागच्या खेपेला लाकडं मोजली होती. या खेपेला मोजणार नाही.

तुझी,
आणि आजपासून सगळ्या घराची,
टेकला